दाढेची लावणी

बाटलीचं झाकण उघडेना. स्नेहलनं हातमोजे बदलले, कोपर बरगडीशी धरून जोर लावला, तरी ते जागचं हललं नाही. आणि मग तिनं जोर लावायचं थांबवलं. एवढं घट्ट झाकण लावणारी माणसं तिच्या माहितीत दोनच होती. एक ती स्वतः, आणि दुसरीला जाऊन आज चौदा दिवस झाले होते. तिनं बाटली टेबलावर आडवी ठेवली. तळहाताएवढी, चपटी, प्लॅस्टिकची बाटली. आत थोडंसं पाणी. ते पाणी एरवी गुलाबी असायचं, आता पिवळं पडलं होतं, वरणाच्या निवळीसारखं. पेशींनी घातलेलं खाणं खाल्लं की ते असं पिवळं पडतं. म्हणजे या चौदा दिवसांत आत कुणीतरी जेवत होतं. हा विचार मनात इतक्या सरळपणे आला की ती दचकली आणि तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. इन्क्युबेटरचं दार उघडं राहिलं होतं आणि त्याची पिपाणी वाजत होती.

दार लावायला इंद्रजित आला. तिच्याच वयाचा, पलीकडच्या टेबलावर काम करणारा, आणि तिच्या रजेत तिच्या पेशींना खाणं घालायचं कबूल करून साफ विसरलेला. त्यामुळं तो आज जरा जास्तच मऊ बोलत होता. "आमचं सगळं गेलं गं," तो म्हणाला. "बुरशी. या हवेत भिंतींना बुरशी येते, बाटल्यांचं काय घेऊन बसलीस. वरच्या फळीवर सुरू झाली आणि चार दिवसांत तळापर्यंत. माझ्या अठरा बाटल्या टाकल्या. तुझी तेवढी वाचली. झाकण घट्ट लावून गेली होतीस ना? नियम मोडलास म्हणून वाचलीस बघ." नियम खराच होता. पेशींना श्वास घेता यावा म्हणून झाकण अर्धा आटा सैल ठेवायचं, हे या कामातलं पहिलं शिक्षण. गेली सहा वर्षं तिनं ते पाळलं होतं. पण त्या दिवशी बाटली हातात असतानाच गावाकडून, भऱ्याहून, चुलतभावाचा फोन आला, आणि तो काय सांगतोय हे डोक्यात शिरायच्या आधी हातानं आपलं लहानपणचं काम करून टाकलं. झाकण घट लाव, मुंग्या जातील, असं आई रोज म्हणायची. गुळाचा डबा असो, तेलाची बाटली असो, शाळेत न्यायचं पाणी असो. तिच्या हातचा डबा उघडायला शाळेतल्या मुली बाईंकडे जायच्या. स्नेहलनं बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, भिंगाला डोळा लावला. लांबट, चिंचोळ्या पेशी, एकीला एक खेटून, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. थोड्या रोडावल्या होत्या. पण होत्या. "जिवंत आहेत?" इंद्रजितनं विचारलं. "आहेत," ती म्हणाली, आणि आपला आवाज चिरकला हे त्याच्या ध्यानात येऊ नये म्हणून बाटलीवरची चिठ्ठी वाचत राहिली. दाता सात, पिढी अकरा. अक्षर तिचंच होतं. हा सातवा दाता कोण, हे साऱ्या इमारतीत तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सबनीस मॅडम अकराला आल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांनी स्नेहलच्या खांद्यावर हात ठेवला, रजा हवी तर अजून घे म्हणाल्या, आणि त्याच श्वासात कामावर आल्या, कारण त्यांच्या डोक्यात कामाशिवाय दुसरं काही फार वेळ टिकत नसे. दाताच्या जागी जबड्यात जो टायटॅनियमचा खिळा बसवतात त्याच्यावर त्यांनी एक नवा लेप तयार केला होता. तो लेप दिलेल्या टायटॅनियमच्या छोट्या चकत्यांवर हिरडीच्या पेशी धरतात का, जगतात का, हे पाहायचं काम स्नेहलचं. लेख एका नियतकालिकाकडे पाठवून झाला होता. आता तिकडचा परीक्षक म्हणत होता की सातव्या दात्याच्या पेशी इतक्या चिकटून बसलेल्या दिसतात की खरं वाटत नाही. त्याच दात्याच्या पेशींवर पुन्हा करून दाखवा. गोठवून ठेवलेल्या कुप्या उन्हाळ्यात नायट्रोजनचं पिंप कोरडं पडलं तेव्हाच नासल्या होत्या. उरली होती ती ही एक बाटली. "बघ, नशीब म्हणतात ते असं," मॅडम म्हणाल्या. "बुधवारी सगळ्या चकत्यांवर लाव, गुरुवारी रंग घाल. शुक्रवारी फोटो पाठवून मोकळ्या होऊ." स्नेहलनं मान हलवली. रंग घातला की जिवंत पेशी हिरव्या दिसतात आणि मेलेल्या लाल. फोटो निघाला की चकत्या ब्लीचमध्ये जातात, ते विचारायचंसुद्धा काम नसतं. म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत आईचं या जगात जेवढं जितं उरलं होतं तेवढं संपणार होतं, आणि संपवणारी तीच. "काय झालं?" मॅडमनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली.

काही नाही. संध्याकाळी नांद्यावरून सूसच्या आपल्या फ्लॅटकडे स्कूटर हाकताना हे दोन शब्द तिच्या जिभेवर खड्यासारखे राहिले. रस्त्याच्या एका अंगाला भात निसवायला आलेलं, दुसऱ्या अंगाला वीस मजल्यांच्या सांगाड्यावर दिवे लागलेले, आणि हेल्मेटच्या आत तिचा स्वतःचा श्वास. आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, राख सावडून माणसं परत आली तेव्हा ती भऱ्याच्या घरात दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आई जिथं गेली त्या जागी आत्यानं तांदळाचं पीठ चाळून पसरलं होतं, पणती ठेवली होती आणि वर टोपलं पालथं घातलं होतं. गेलेलं माणूस ज्या जन्माला जाईल त्याचं पाऊल त्या पिठावर उमटतं. स्नेहलचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, म्हणजे सूसच्या फ्लॅटमध्ये नव्हता. तिथं चौकटीला टेकून मात्र होता. आत्या, बापाची थोरली बहीण आक्काबाई, घरातलं वडील माणूस, म्हणून टोपलं तिनं एकटीनंच उचललं. बाकीची बाहेर. बऱ्याच वेळानं आत्या बाहेर आली आणि म्हणाली, "काय न्हाई." कुणीतरी विचारलं, न्हाई म्हंजी? "काय न्हाई उमटलं." तेव्हा शेजारची धोंडाबाई, जिला गप्प बसण्याचं औषध अजून निघालेलं नाही, पदराआडून बोललीच: "मंग ती गेलीच न्हाई. काय तरी मागं ऱ्हायलंय तिचं. हितंच कुटं तरी अडाकलीया." सगळ्यांनी धोंडाबाईला डोळ्यांनी गप्प केलं. स्नेहल आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती. काय मागं राहिलंय आणि कुठं अडकलंय, हे त्या घरात तिला एकटीला माहीत होतं. घोटावडे फाट्याच्या पुढं, दुसऱ्या मजल्यावर, सदतीस अंशांवर. माणसाच्या अंगाएवढंच ऊन.

सोमवारी रात्री तिला झोप लागली, ते एक आश्चर्यच. पण मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यापासून तो आवाज सुरू झाला. आईची अक्कलदाढ काढल्यावर तिथं खळगा राहिला होता, आणि आईला सवय लागली होती जीभ त्या खळग्यात घालून वारा ओढायची. च्च. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, कुणी खोटं बोललं तर जरा मोठ्यानं. इन्क्युबेटर आपल्या आतला वायू राखायला दर थोड्या वेळानं झडप उघडतो आणि मिटतो. सहा वर्षं तो ते करतच असणार. पण स्नेहलनं तो आवाज आजच ऐकला. च्च. ती दुसऱ्या खोलीत गेली, पुन्हा आली. च्च. तिनं ओढणीच्या टोकात धरून एकदाचं झाकण उघडलं, पेशींचं पिवळं पाणी काढून नवं गुलाबी घातलं, आणि घालताना, आपण काय करतोय हे कळायच्या आत, पिपेटचं टोक बाटलीच्या कडेला लावून हळूहळू सोडलं, गिळता न येणाऱ्या माणसाला चमच्यानं पाणी पाजावं तसं. आई झोपेतच गेली होती. तिच्या तोंडात शेवटचं पाणी कुणी घातलं नव्हतं. ही खंत तिला तेरा दिवस नीट बोलता आली नव्हती, आणि आता ती प्लॅस्टिकच्या बाटलीपाशी उभी राहून डोळे पुसत होती, तेही हातमोजे घातलेल्या मनगटानं, म्हणजे धड पुसताही येत नव्हते. बाटली हातात घेतली की ऊन लागायची. ती खाली ठेवावीशी वाटायची नाही आणि धरवायचीही नाही.

दोन वर्षांपूर्वी आषाढात आईची दाढ दुखायला लागली. लावणीचे दिवस, शेतात चिखल झालेला, रोपं हाताशी आलेली, आणि आईचा गाल सुजून पुरीसारखा. ती गुडघाभर चिखलातून यायला तयार होईना. शेवटी स्नेहलनं तिला स्कूटरवर घालून आपल्याच संस्थेच्या दातांच्या दवाखान्यात आणली. मुळशीत भाताच्या रोपांच्या वाफ्याला दाढच म्हणतात. उन्हाळ्यात पालापाचोळा पसरून ती जागा भाजतात, ती दाढ भाजणी. पाऊस झाला की तिथं भात दाट पेरतात, आणि रोपं वितीची झाली की दाढ उपटून खाचरात लावणी. डॉक्टरनं आईला समजावून सांगितलं की दाढ उपटावीच लागेल, तेव्हा सुजल्या गालानं ती हसली होती. "उपटा की," म्हणाली, "पर दाढ उपटली म्हंजी लावणी कराय पायजे. माज्या दाढंची लावणी कुटं करनार?" डॉक्टर कोल्हापूरकडचा, त्याला काही कळलं नाही. स्नेहलला कळलं आणि नको तितकं कळलं, कारण त्याच आठवड्यात मॅडमनी सहा दाते मिळालेत, सातवा बघ असं सांगितलं होतं. दाढेभोवतीच्या हिरडीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. एरवी तो कचऱ्यातच जातो. तिनं संमतीचा फॉर्म आणला, तिसऱ्या, नमुना संशोधनाला देण्याच्या चौकटीत स्वतःच खूण केली आणि आईपुढं धरला. आई प्रौढ वर्गात सही करायला शिकली होती आणि तिला सहीची हौस होती. पेन हातात घेऊन ती थांबली. "काय लिवलंय गं ह्यात?" बाहेर नंबर पुकारत होते, आईला भूल द्यायची वेळ झाली होती, आणि समजावून सांगायचं म्हणजे आई शंभर प्रश्न विचारणार. "काही नाही गं," स्नेहल म्हणाली, "सही कर." आईनं र, त्ना, बा, ई अशी चार अक्षरं सुटी सुटी काढली, मग वरून एक लांब रेघ ओढून त्यांना एकत्र बांधलं, आणि च्च असा आवाज केला. तेव्हा दाढ अजून जागेवर होती. मग तो आवाज आईनं कसा केला असेल? आठवणीत तो तिथंच होता. काढलेली दाढ मात्र आईनं मागून घेतली, पदराच्या गाठीला बांधली आणि घरी जाऊन दाढेच्या वाफ्यात पुरली. दाढ दाढंत, म्हणाली.

याच्याही पुढची एक गोष्ट होती आणि ती स्नेहलला मंगळवारभर पुन्हा पुन्हा आठवत राहिली. त्याच वर्षी दिवाळीला आई सूसला आली होती. रात्रीची जेवणं झाल्यावर स्नेहलचा मोबाईल हातात घेऊन चाळत बसली आणि एका चित्रावर थांबली. काळ्याभोर जमिनीवर हिरव्या लांबट रेघा, दाट, एका अंगाला कललेल्या. "ही कुनाची दाढ?" आईनं विचारलं. "लई दाट पेरलीया. पर रोपं जोमदार हायती." ती खरंच भाताची रोपं समजली होती. स्नेहल म्हणाली, अगं, त्या पेशी आहेत, कुणाच्या तरी. "जित्त्या?" "हो. हिरव्या म्हणजे जित्त्या." आई बराच वेळ बघत राहिली, मोबाईल लांब धरून, जवळ धरून. "कुनाच्या का आसंनात," म्हणाली, "चांगल्या धरल्यात." तेव्हा सांगता आलं असतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मग इतके महिने का सांगितलं नाहीस, हा प्रश्न आला असता, आणि एका खोट्याला झाकायला दुसरं खोटं लागतंच. ती पेशींना रोज बघत होती, रोज खाणं घालत होती, मधूनमधून एका बाटलीच्या दोन करत होती, आणि दर रविवारी भऱ्याला जाऊन आईच्या हातचं जेवून येत होती. एकाच बाईला दोन ठिकाणी सांभाळणं चाललं होतं. यातली एक गेली की दुसरीचं काय करायचं, याचा विचार तिनं कधी केला नव्हता.

बुधवारी सकाळी तिनं लावणी केली. मॅडमनी लाव म्हटलं होतं तेव्हापासून तिच्या मनात दुसरा शब्द येतच नव्हता. काल तिनं पुन्हा घट्टच लावलेलं झाकण उघडायला परत ओढणीचं टोक गुंडाळावं लागलं. पेशी तळापासून सुटाव्यात म्हणून त्यांच्यावर दोन थेंब औषध घालायचं, आणि मग भिंगातून बघत राहायचं. एरवी इतर दात्यांच्या पेशी दोन मिनिटांत सुटून वाटोळ्या होतात. या सुटेनात. तीन मिनिटं झाली, चार झाली. एकेक पेशी आपले पाय आखडून घेत होती आणि शेवटचं एक टोक सोडत नव्हती. तिनं बाटलीला कडेनं टिचकी मारली, चिखलात रोपाची मुळं झटकतात तशी, आणि त्या सुटल्या. चार चकत्या. रुपयाच्या नाण्याहून लहान, करड्या, थंड. प्रत्येकीवर तिनं थेंब थेंब लावलं आणि बाटली रिकामी झाली. मग ती फाईलच्या कपाटाकडे गेली, कारण रात्रीपासून तिला तो फॉर्म बघायचा होता. चार सुटी अक्षरं आणि वर लांब रेघ. त्याच्या खाली बारीक टायपात एक ओळ होती जी तिनं पन्नासदा लोकांना वाचून दाखवली होती आणि आईला वाचून दाखवली नव्हती: कोणतेही कारण न देता मी कधीही माघार घेऊ शकते, तसे झाल्यास माझा नमुना नष्ट करण्यात येईल. ती तशीच उभी राहिली. सांगितलं तर ब्लीच. नाही सांगितलं तर रंग, फोटो, आणि मग ब्लीच. फरक एवढाच की दुसऱ्या वाटेनं जाताना एकदा, एकदाच, बघायला मिळणार होतं. टायटॅनियमच्या पार दिसत नाही. बाटलीत बघता येतं तसं चकतीवर रंगाशिवाय काही म्हणजे काही दिसत नाही. आणि इथला सूक्ष्मदर्शक खालून बघणारा, त्यामुळं चकती पालथी घालावी लागते. पालथी घालायची आणि खालून बघायचं, पाय कुठं टेकलेत, कुठल्या दिशेला निघालेत. हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं फाईल मिटली. तिला तो फोटो लेखासाठी नको होताच. तिला बघायचं होतं.

दुपारी अर्धी रजा टाकून ती भऱ्याला गेली. आत्या ओट्यावर चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं वर न बघता सुपाशेजारी जागा केली. थोडा वेळ दोघी सोलत राहिल्या. मग स्नेहल म्हणाली, "आत्या, पीठ तू एकटीनंच बघितलंस ना?"

"कसलं पीठ?"

"आईचं."

"बगितलं की. काय न्हाई, म्हनलं नव्हं तवाच."

"मग तुझा हात पांढरा का होता?"

हे तिला स्वतःलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. चौकटीला टेकून ती खाली बघत होती, तेव्हा आत्याचा लोंबता उजवा हात तिच्या नजरेसमोरून गेला होता आणि त्याचा तळवा पिठानं भरलेला होता. नजरेनं ते ठेवून घेतलं होतं, तिला न विचारता. आत्याची बोटं शेंगेत थांबली. "तुजं कामच बगायचं," ती म्हणाली. "तुज्यापासनं काय लपायचं." मग शेंग सोलून दाणे सुपात टाकून म्हणाली, "उमटलं हुतं."

"काय?"

"दारात हुबी हुतीस तू. तोंडाकडं बगवत न्हवतं तुज्या. म्हनलं, ह्ये हिला कळलं तर जल्मभर त्येच दिसंल पोरीला. फिरवला हात."

"पण काय उमटलं होतं?"

"काय न्हाई गं. च्या टाकू का?"

स्नेहलचा तोल गेला. तिनं सूप बाजूला सरकवलं. "माझी आई होती ती. मला सांगायला पाहिजे होतंस. मला काय वाटेल ते माझं मी बघितलं असतं. तू कोण ठरवणार?" आत्यानं सूप परत जवळ ओढलं. आणि तेवढ्यात स्नेहलला आपलंच बोलणं परत ऐकू आलं, अगदी स्वच्छ, दवाखान्याच्या बाकावरून, सुजल्या गालाच्या बाईच्या आवाजात. तिचा राग जागच्या जागी विझला. मग तिनं सगळं सांगितलं. तांदळाएवढा तुकडा, तिसरी चौकट, सही, बाटली, बुरशी, उद्याचा रंग. आत्यानं मधे एकदाच विचारलं, "म्हंजी जित्ती हाय म्हंतीस?" आणि स्नेहल म्हणाली, "पेशी आहेत आत्या, आई नाही," आणि हे वाक्य बोलून झाल्यावर तिला भडभडून आलं. आत्यानं तिला रडू दिलं. शेंगा संपवल्या. मग म्हणाली, "इचारलं आसतंस तर न्हाई म्हनली नसती ती. येडे, समद्या आळीला सांगत फिरली आसती, माजी दाढ लावलीया सायबाच्या मशिनीत म्हनून. लई हरकली आसती." यापेक्षा आत्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. आई नाही म्हणाली असती, रागावली असती, हे मानून स्नेहलनं दोन वर्षं काढली होती. ती हसली असती, हे तिनं धरलंच नव्हतं. ते हसू तिनं आईकडून काढून घेतलं होतं, आणि ते गोठवून ठेवायची कुपी अजून निघालेली नाही. पिठात काय होतं ते तिनं पुन्हा विचारलं नाही. चवळीची उसळ आणि भाकरी खाऊन ती सूसला गेली.

गुरुवारी साडेदहाला चार चकत्या चार काचेच्या वाट्यांत पालथ्या पडल्या होत्या. खोलीत काळोख केलेला, पडद्यावर अजून काही नाही, नुसता काळा चौकोन. तिच्या हातात पिपेट होतं आणि पिपेटमध्ये रंग. अंगठा दाबायचा अवकाश. अर्ध्या तासात त्या काळ्यावर हिरवं उगवलं असतं, आणि तिला दिसलं असतं. पलीकडच्या खोलीतून इन्क्युबेटरचा आवाज येतोय का, हे ती कान देऊन ऐकत होती. नव्हता येत. दार उघडून मॅडम आत आल्या, उजेडाची एक पट्टी टेबलावर पडली. "अजून रंग घातला नाहीस? काय झालं?"

काही नाही, हे उत्तर तिच्या ओठांवर आपसूक आलं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं आलं, घट्ट झाकणासारखं. तिनं ते गिळलं. पिपेट स्टँडवर ठेवलं. "मॅडम, सातवा दाता माझी आई होती," ती म्हणाली. "फॉर्मवर काय लिहिलंय असं तिनं विचारलं होतं. मी सांगितलं नाही. सही घेतली." मॅडम दाराशीच उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "म्हणजे आधीचे फोटोसुद्धा," त्या हळूच म्हणाल्या, आणि बाकीचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. दोन वर्षांचं काम त्या एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना स्नेहलनं बघितलं. "आता काय करावं लागेल, माहीत आहे ना तुला?" "हो." "मी करू का?" "नाही. मीच करते." मॅडम जाताना दार लावून घ्यायला विसरल्या नाहीत.

तिनं दिवा लावला. चारही चकत्या चिमट्यानं उलट्या करून उताण्या ठेवल्या. करड्या, कोऱ्या, वर काही असेल असं कुणी म्हटलं नसतं. तिनं त्या एका मोठ्या वाटीत शेजारी शेजारी मांडल्या, ब्लीच ओतलं, गुलाबी पाणी बघता बघता पांढरं झालं. नियमाप्रमाणं दहा मिनिटांचा गजर लावला. मग स्टूल ओढून वाटीपाशी बसली, आणि इमारतीत कधी न बोललेल्या बोलीत, हलक्या आवाजात बोलायला लागली. "आये, त्या दिवशी तू इचारलंस काय लिवलंय. सांगती. वरती तुजं नाव लिवलं हुतं. त्याच्या खाली तीन चौकटी हुत्या." एकेक चौकट तिनं सांगितली, घाई न करता, आईनं शंभर प्रश्न विचारले असते तिथं थांबत, आणि त्यांची उत्तरं देत. तुकडा केवढा हुता. कशात ठिवला. पयल्या दिवशी काय बी हाललं न्हाई, चौथ्या दिवशी एक पाय बाहीर आला. मग दाढ कशी दाट झाली, तुला मोबाईलात दावलेली ती कुनाची हुती. दहा मिनिटांचा गजर वाजला तेव्हा ती अजून लावणीपर्यंतही आली नव्हती. तिनं तो बंद केला आणि पुढचं सांगायला घेतलं.